शेपटीतला ग्रॅम

फौंड्रीच्या धंद्यातल्या माणसाला हलकं काही बनवता येत नाही. मी पॅटर्नमेकर. शिरोलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं पंपाच्या, गिअरबॉक्सच्या, व्हॉल्व्हच्या बॉडीचे लाकडी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे ज्या आकाराचं बीड ओतायचं त्या आकाराचं लाकूड. ते वाळूत दाबायचं, अलगद काढून घ्यायचं, मग उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस सोडायचा. पॅटर्नला ठोके बसतात, तो ओल्या वाळूत लोळतो, हमाल त्याला फेकतात. म्हणून तो जाड हवा, भरीव हवा, आणि वरून आरशासारखा गुळगुळीत हवा. वजन किती झालं हे आजवर एकाही फौंड्रीवाल्यानं मला विचारलेलं नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यातलं निम्मं ह्या सवयीनं झालं.

रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानाचं वेड भाच्याचं. त्यानं थर्माकोलसारख्या फोमचं एक तयार विमान आणलं होतं, पंख वर असलेलं, शिकाऊ माणसाचं. तो नोकरीला पुण्याला गेला आणि विमान माझ्या माळ्यावर राहिलं. एका दिवाळीत साफसफाई करताना खाली काढलं ते परत वर गेलंच नाही. आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटर लावून दीड महिना रोज रात्री विमानं आपटली. ती फुकटची, त्यामुळे मनसोक्त आपटली. मग माळावर जायला लागलो, जिथं आमच्या भागातले सात-आठ जण रविवारी सकाळी जमतात. तिथं हवाईदलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. इंजिन फिटर होते. त्यांनीच मला शिकवलं, विमान चालवायचे दोन रेडिओ जोडून, एक त्यांच्या हातात आणि एक माझ्या.

शिकताना सगळ्यांचं डोकं एकाच ठिकाणी फिरतं. विमान लांब जात असतं तोवर डावं ते डावं आणि उजवं ते उजवं. ते वळून आपल्याकडं यायला लागलं की सगळं उलटं. डावा पंख खाली गेला म्हणून सुधारायला जावं तर आणखी खाली जातो. काकांनी एकच सांगितलं, "मिस्त्री, विचार करू नका. जो पंख पडतोय त्याच्या खाली दांडीचा टेकू लावा." म्हणजे विमान समोरून येताना, तुम्हाला जो पंख खाली दिसतोय त्या बाजूला रेडिओवरची दांडी ढकलायची. टेकू म्हटल्यावर मला कळलं. आयुष्यभर टेकूच लावत आलोय.

सात-आठ महिन्यांत फोमचं विमान बऱ्यापैकी उडवता यायला लागलं आणि हात शिवशिवायला लागले. स्वतः बांधायचं. तेही खऱ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती, स्केल मॉडेल. आमच्यातले बाकीचे पायपर कब करतात, स्पिटफायर करतात, मस्टँग करतात. आराखडे तयार मिळतात, कापलेली लाकडं तयार मिळतात. माझंही कबवर ठरत आलं होतं. चहा पिता पिता काका म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं केलेलं विमान सोडून तुम्ही अमेरिकेचं कसलं करताय?"

तो माणूस म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवा पंखावरून कशी वाहते याचं आजचं शास्त्र ज्यांनी उभं केलं ते हे प्रांटल. घाटगे परत येऊन बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले आणि तिथं त्यांच्या हाताखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान तयार झालं. ५ ऑगस्ट १९५१ ला ते पहिल्यांदा उडालं. पुढं हवाईदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर शिकल्या. काका स्वतः त्याच्या इंजिनावर हात काळे करून आलेत. एकामागं एक दोन बैठका, पंख खाली, चाकं उघडी, शेपटीला एक छोटं चाक, आणि नाकात उलटं टांगलेलं चार सिलिंडरचं सिरस मेजर इंजिन. सगळं धातूचं.

मला हे नाव माहीत नव्हतं. कोल्हापुरात राहून माहीत नव्हतं. मग कब बाजूलाच पडलं.

एक षष्ठांश प्रमाण धरलं. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर, म्हणजे माझा १ मीटर ७८७ मिलिमीटर. लांबी ७.५३ मीटरची १ मीटर २५५. तीन बाजूंचं रेखाचित्र मिळवलं, जुने कृष्णधवल फोटो जमवले आणि बिल्डिंगचे नकाशे छापणाऱ्याकडून पूर्ण मापात छापून घेतलं. तिथं पहिला अनुभव. घरी आणून पट्टी लावली तर पंख ३५ मिलिमीटरनं आखूड. मशीननं कागदात बसावं म्हणून आपल्या मनानं दोन टक्के बारीक करून टाकलं होतं. दुसऱ्यांदा मी स्वतः काउंटरवर उभा राहिलो.

दुसरी चूक मात्र माझी, आणि ती सांगायला अजून लाज वाटते. तापलेलं बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक या हिशोबानं. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी वेगळी असते, काँट्रॅक्शन स्केल. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा तेवढाच मोठा आखलेला असतो, म्हणजे दर वेळी गणित करायला नको. माझ्या बाकावर ती तीस वर्षं हाताशी आहे. धडाचे फॉर्मर, म्हणजे विमानाच्या बरगड्या म्हणा, मी संध्याकाळी घरी साध्या पट्टीनं आखले. पंखाच्या रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या पट्ट्या, सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये आखल्या. महिन्याभरानं पंख धडाला लावून बघितला, तर बुडाशी सव्वातीन मिलिमीटर जास्त. खोबणीत बसेचना. दोन दिवस मी लाकडाला, हवेतल्या ओलीला आणि छापणाऱ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरची अक्षरं वाचली. विमान काही ओतायचं नव्हतं, पण ओतलं असतं तर पंख बरोब्बर बसला असता.

रिब परत कापल्या. हे काम मला फार आवडलं, त्यामुळे दुःख झालं नाही. पंख टोकाकडं निमुळता होत जातो, म्हणजे प्रत्येक रिब वेगळ्या मापाची. बुडाच्या आणि टोकाच्या रिबचे दोन साचे प्लायवूडचे करायचे, मध्ये बाल्साच्या चौकोनी पट्ट्यांचा गठ्ठा घालून दोन्हीकडून बोल्टानं आवळायचा, आणि एका साच्यावरून दुसऱ्या साच्यापर्यंत सरळ रंधा मारायचा. मग कानस, मग पॉलिश पेपर. बोल्ट सोडला की आतून चौदा रिब क्रमानं लहान होत गेलेल्या निघतात. शेजारच्या लेझरवाल्यानं अर्ध्या तासात कापून दिल्या असत्या. त्याच्याकडं गेलो नाही. पटाशी धरणाऱ्याला एवढा माज असावा.

बाल्साविषयी थोडं सांगायला हवं. हे लाकूड पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा रिकाम्या खोक्यासारखं वाटलं. नखानं दाबलं तरी खड्डा पडतो. आमचं सागवान याच्या चौपट-पाचपट जड. पण बाल्सा बाल्सातही फरक. तीन फुटी, १०० मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या, दिसायला जुळ्या बहिणी. एक २८ ग्रॅमची, दुसरी ५२ ची. जाणकार लोक आल्या आल्या सगळ्या पट्ट्या तोलतात, पेन्सिलीनं वजन लिहितात, हलक्या शेपटीला आणि जड नाकाकडं वापरतात. काकांनी मला हे सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं. आणि ज्या पट्टीचे रेषे देखणे ती शेपटीला वापरली. ती ५२ ची होती.

पंख जोडायला माझ्याकडं बीडाचं सपाट टेबल आहे, केसाचाही फरक नाही. आराखड्यात टोकाच्या रिबखाली पाचरी ठेवायला सांगितल्या होत्या. मागची कड थोडी उचलायची, म्हणजे पंखाला बुडापासून टोकापर्यंत दोन अंशांची पीळ बसते. मला ते बघवेना. पंख वाकडा करायचा? मी पाचरी काढून टाकल्या आणि दोन्ही पंख इतके सरळ जोडले की टोकावरून एक डोळा मिटून बघितलं तर रेघ दिसावी. आल्यागेल्याला दाखवले पण.

मग सजावट. खरं विमान धातूचं, म्हणजे लाकूड दिसता कामा नये. सगळ्या अंगावर तलम ग्लास कापड घालून वर इपॉक्सी चोपडायची, घासायची, परत चोपडायची. मी पॅटर्नला मारतो तसे हात मारले, दोन पुरेत तिथं पाच. मग रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची डोकी. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पांढरा गोंद भरायचा, सुई कापून बोथट करायची आणि पट्टीच्या कडेनं एकेक थेंब ठेवत जायचं. थेंब वाळला की बारीक टिकली उरते. श्वास रोखून काम. एक थेंब मोठा पडला तर ओल्या कापडानं अख्खी ओळ पुसायची. फक्त शेपटीवर २,१०० थेंब टाकले. धाकटी मुलगी रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा म्हणाली, "बाबा, ही वरनं कोण बघणार हाय?" वर चंदेरी रंग, तोही तीन हात.

नाकाचा काऊल, म्हणजे इंजिनावरचं झाकण, मात्र खरंच चांगला झाला. उलट्या इंजिनामुळे नाक अरुंद आणि हनुवटी खोल, अवघड आकार. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा कोरून काढला, त्यावर मेण, त्यावर फायबर. हे माझं रोजचं काम. आमच्यातल्या एकानं तो साचा हातात घेऊन विचारलं, "हे विमान उडवायचं का देव्हाऱ्यात ठेवायचं?"

आत वीज. पेट्रोलच्या वासाला घरून परवानगी नव्हती. ब्रशलेस मोटर, सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, १५ इंची प्रॉपेलर. एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची हलती फळी), एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती फळी), रडर (शेपटीची उभी) यांना सर्व्हो, म्हणजे त्या हलवणाऱ्या बारीक मोटरी. रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा. वायरिंग भाच्यानं पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघून करवून घेतलं. कॅनोपी, म्हणजे बैठकांवरचं पारदर्शक झाकण, एका पॅकेजिंगवाल्याच्या व्हॅक्यूम मशीनवर ओढून आणली. अकरा महिने झाले होते.

शेवटी सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर दोन्हीकडून बोटं लावून विमान उचलायचं. ते आडवं राहायला हवं, फार तर नाक किंचित खाली. मी उचललं आणि शेपूट दाणकन खाली गेली. बॅटरी पुढं सरकवली, अगदी मोटरच्या पाठीला चिकटवली. तरी खाली. मग टायरवाल्याकडून चाक बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे आणले आणि काऊलच्या आत एकेक चिकटवत गेलो. २१० ग्रॅम शिसं गेलं तेव्हा विमान आडवं झालं. काकांनी बघितलं, शेपटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाकापेक्षा शेपूट मधल्या ठिकाणापासून लांब असते. मागं एक ग्रॅम वाढला की पुढं जवळजवळ तीन घालावे लागतात. तुमची ही नक्षी तिप्पट भावानं पडली."

एकूण वजन ३ किलो ६५० ग्रॅम. ठरवलं होतं २ किलो ८००. मी हार मानणाऱ्यातला नाही, हिशोब मांडला. खरं विमान भरल्यावर सुमारे हजार किलोचं. लांबी सहापट कमी म्हणजे वजन सहाच्या घनानं, २१६ पट कमी. ते येतं साडेचार किलोच्या वर. मग माझं तर प्रमाणापेक्षा हलकं झालं की! काका हसले. "खऱ्यात पायलट आत बसलेला असतो, मिस्त्री. पंख थरथरला की त्याच्या बुडाला कळतं. तुम्ही खाली उभे."

उडवायची जागा शहराजवळ नको. उजळाईवाडीला विमानतळ आहे, आम्ही त्यापासून पार लांब जातो. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा दिसणारा भाग, ४०० फुटांच्या खाली, आणि विमान कायम डोळ्यांसमोर. २०२१ च्या ड्रोन नियमांत करमणुकीसाठी असं उडवायचं २५ किलोपर्यंतचं विमान 'मॉडेल' या नावाखाली येतं. माळ उघडा आहे, एका अंगाला शाळूचं शेत, दुसरीकडं धनगराचा वाडा. रविवारी मेंढरं सुटायच्या आत, सातला, वारा उठायच्या आधी उडवायचं. बघायला येणारे तीन प्रश्न विचारतात. किती लांब जातंय? कितीला पडलं? आणि तिसरा, जरा मान तिरकी करून, "पडलं तर?"

जानेवारी होता, माळावर दहिवर पडलेलं. पंख बोल्टानं जोडले. एलेरॉन उलटे जोडून पहिल्याच उड्डाणात विमान घालवलेले लोक आमच्यात दोन आहेत, म्हणून ती तपासणी काका मोठ्यानं बोलून करायला लावतात. दांडी उजवीकडं, उजवा एलेरॉन वर. दांडी ओढली, एलेव्हेटर वर. मग रेडिओची ताकद कमी करून तीस पावलं मागं जायचं, तरी सगळं हलायला पाहिजे. हललं.

शेपटीवर बसणारं विमान जमिनीवरच जास्त त्रास देतं. पहिल्या वेळी मी वेग एकदम दिला, ते डावीकडं गोल फिरलं आणि नाकावर उभं राहिलं. प्रॉप मोडला. दुसरा लावला. दुसऱ्या वेळी वेग हळूहळू, उजवा रडर थोडा थोडा देत. शेपूट उचलली, पाच-सहा सेकंद चाकांवर पळालं आणि सुटलं.

त्या पुढची चार मिनिटं मला तुकड्या तुकड्यांनी आठवतात. उन्हाची पहिली तिरीप चंदेरी पंखावर पडली. कोणीतरी शिट्टी मारली. मी एलेव्हेटरला खाली चार टिचक्या दिल्या, एलेरॉनला उजवीकडं दोन, आणि मग हात सोडले तरी ते सरळ जात होतं. काका शेजारी उभे होते, काही बोलत नव्हते. समोरून गेलं तेव्हा खोल हनुवटी, दोन बैठका, मागं बारीक चाक, अगदी फोटोतलं. माझे गुडघे लटपटत होते आणि मी ते कोणाला दिसू नये म्हणून पाय फाकवून उभा होतो.

उतरवताना वारा उठला होता. माळाला समांतर येताना वारा त्याच्या पाठीशी, त्यामुळे जमिनीवरून बघताना ते सुसाट वाटलं. मी मोटर कमी केली. वळवायला घेतलं, वळण लांबतंय असं वाटलं म्हणून आणखी झुकवलं आणि एलेव्हेटर ओढला. "वेग," काका म्हणाले. एवढंच. डावा पंख टोकापासून असा पडला, जसा कुणीतरी खालून ओढला. मी टेकू लावला. टेकूनं आणखी पडला. शाळूच्या खुंटात कडाड् असा आवाज झाला, म्हणजे काऊल. मग काहीच नाही. धनगराचं कुत्रं आधी पोचलं.

खताच्या पोत्यात तुकडे भरले. बॅटरी फुगायला लागली होती, ती वाळूच्या बादलीत ठेवून गाडीच्या मागं बांधली. वाळूची आमच्याकडं टंचाई नाही. घरी बाकावर सगळं मांडलं. डाव्या पंखाचा स्पार, म्हणजे आतला कणा, दोन ठिकाणी तुटलेला, मोटरमागची भिंत उखडलेली, काऊलच्या चिंध्या. शिशाचे तुकडे सगळे शाबूत. आणि शेपूट, तिला ओरखडा नाही. २,१०० रिव्हेट जशाच्या तशा. मला ते बघून इतका राग आला की मी तिच्यावर फडकं टाकलं.

आठ दिवसांनी काका घरी आले. कागदावर काढून दाखवलं. सरळ जाताना माझं विमान तासाला चाळीसेक किलोमीटरच्या खाली गेलं की पंख हवा सोडणार, म्हणजे त्याची उचल जाणार. पण साठ अंश झुकवून वळवलं तर पंखाला दुप्पट वजन पेलावं लागतं आणि तीच हद्द छप्पन-अठ्ठावन्नवर जाते. मी मोटर कमी करून झुकवत होतो. आणि निमुळत्या पंखात हवा आधी टोकाशी सुटते. एलेरॉन टोकाशीच, म्हणजे ऐन वेळी तेच निकामी. मॉडेलचं टोक दीडशे मिलिमीटरचं, तिथं हवा आणखी लवकर दगा देते. टोकाला पीळ दिला की बुडाशी आधी सुटते, टोक शेवटपर्यंत धरून ठेवतं. "पाचरी कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. मी टेबलाकडं बोट दाखवलं.

नंतर वाचताना कळलं, मर्यादित लांबीच्या पंखाला टोकाशी काय होतं आणि त्यामुळे पंखभर उचल कशी वाटली जाते याचं पहिलं नीट गणित प्रांटल यांनीच मांडलं. म्हणजे घाटगेंच्या गुरूनं पहिल्या महायुद्धाच्या काळात जे सोडवून ठेवलं होतं, ते मी शिरोलीत बीडाच्या टेबलावर सरळ करून बिघडवलं.

पावसाळाभर परत बांधलं. आता बाकावर सराफाकडं असतो तसला डिजिटल काटा होता. पट्ट्या तोलल्या, वजनं लिहिली. पंखांची नवीन जोडी केली, टोकाखाली सव्वापाच मिलिमीटरच्या पाचरी ठेवल्या आणि गोंद वाळेपर्यंत तिकडं बघितलं नाही. इपॉक्सी चोपडून झाली की वर टिश्यू दाबून जादाची टिपून घ्यायची, हे शिकलो. टिश्यू तोलला तर ११ ग्रॅम. गेल्या वेळी हे अकराच्या अकरा पंखावर राहिले होते. पंख ९४० चे ८१५ वर आले.

शेपूट सगळ्यात शेवटी घेतली. जुनी १६८ ग्रॅम होती. नवी आतून पोकळ केली, नुसत्या काड्यांचा सांगाडा, वर पातळ बाल्सा, ग्लास कापड नाही, पातळ टिश्यू कागद आणि तो ताणून बसवणारा डोप. रिव्हेट टाकल्या, पण फक्त बाजूनं दिसतात तेवढ्या. ९२ ग्रॅम. ७६ वाचले, आणि विमान जोडून बोटांवर धरलं तर शिशाशिवाय आडवं राहिलं. माझा विश्वास बसेना म्हणून बायकोला धरायला लावलं. ती म्हणाली, "आवो, हे आता विमानासारखं लागतंय. मागचं पाट्यावाणी होतं." धडाच्या डागडुजीत ३० ग्रॅम परत चढले, तरी एकूण ३ किलो २७०. हवा सोडायच्या वेगात याचा फरक पडतो जेमतेम दोन किलोमीटरचा. कागदावर किरकोळ. हातात दांडी धरल्यावर किरकोळ वाटत नाही.

जुनी शेपूट फेकली नाही. वर्कशॉपच्या दारावर टांगली आहे. नवीन पोरं आली की विचारतात, मी सांगत नाही.

खंडेनवमीला पटाशा, रंधे, करवती मांडल्या तेव्हा काटाही मांडला. काँट्रॅक्शन स्केलला हळदकुंकू लावलं आणि तिच्यावर लाल रंगानं 'फक्त बीड' लिहून ठेवलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी माळावर गेलो. गवत अजून हिरवं होतं. उडवलं. वर, पुरेशा उंचीवर नेऊन मोटर पार कमी केली आणि एलेव्हेटर ओढत राहिलो, मुद्दाम. मागच्या वेळी हे करून बघायची अक्कल नव्हती. नाक वर आलं, विमान जागच्या जागी जड झालं, आणि मग नाक हळूच खाली टेकवून परत चालू लागलं. पंख पडला नाही. तीनदा केलं. काका म्हणाले, "आता आणा खाली." वळणावर मोटर ठेवली, झुकाव कमी ठेवला, वळण लांबलं तर लांबू दिलं. चाकं टेकली, एकदा टुणकन उडालं, परत टेकलं आणि गवतात थांबलं. धनगराचा म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. "ह्यात माणूस बसतोय व्हय?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "मोठ्यात बसायचा. मी पाठवायचो."

गेल्या रविवारी एकोणिसावं उड्डाण झालं. शेपटीच्या चाकाची तार वाकली आहे. दीड मिलिमीटरची पियानो वायर आहे, माळावरच्या दगडांना पुरत नाही, दोनची घालायला हवी. ६० मिलिमीटरचा तुकडा, हिशोब केला, वजन पाऊण ग्रॅमही वाढत नाही. दोन्ही तारा कापून काट्याशेजारी ठेवल्यात. तीन दिवस झाले, अजून ठरत नाही.